गांधीलमाश्यांचा धनी

ओस्टरलोह, १२ सप्टेंबर १९६८

तीर्थरूप मेटाताईस, विल्केचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे, असं लिहून सुरुवात करायची आपल्या घरची रीत आहे म्हणून लिहिलं. पुढचं वाचून झालं की ते वाक्य तूच खोडून टाक. तुझा पाय कसा आहे? प्लास्टर काढलं का? चौऱ्याहत्तराव्या वर्षी चेरी तोडायला शिडीवर चढणाऱ्या बाईला धाकट्या भावानं काय बोलावं? (हार्म असता तर बोलला असता. त्यानं बोलायचं आणि मी मान डोलवायची, अशी आमची वाटणी होती.) तुझं सांत्वनाचं पत्र पोचलं. गेशेवहिनीनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि कपाटात ठेवलं. अंत्यविधीला येता आलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. तू नव्हतीस हे एका अर्थी बरंच झालं, कारण त्या दिवशी मी जे केलं ते पाहणाऱ्यांत निदान एक माणूस कमी भरलं.

तेव्हा घाईत चार ओळींचं कार्ड पाठवलं होतं, आता सविस्तर लिहितो. हार्म गेला तो वीस ऑगस्टला, दुपारच्या जेवणानंतर. मागच्या दारी बाकावर बसून त्यानं एक बूट काढला आणि दुसरा काढायचा राहिला. डॉक्टर म्हणाले, त्याला काही कळलंसुद्धा नसेल. (डॉक्टर लोक हे अशा सुरात सांगतात, जणू उरलेल्यांनाही काही कळणार नाही.) गेशेवहिनी रडली नाही. तिनं भिंतीवरचं घड्याळ थांबवलं, आरशावर चादर टाकली, खिडकी उघडली, आणि पुढच्या दाराची मोठी लोखंडी किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाली, "भावजी, मधमाश्यांना सांगून या."

रीत तुला मी शिकवायला नको. घरधनी गेला की किल्लीनं मधमाश्यांच्या प्रत्येक टोपलीवर तीनदा ठोकायचं, डोक्यावरची टोपी काढायची आणि स्वच्छ शब्दांत सांगायचं की तुमचा धनी गेला, आता मी तुमचा धनी, माझ्याकडे राहा. नाही सांगितलं तर माश्या मनाला लावून घेतात, उडून जातात नाहीतर बसल्या जागी मरतात, आणि माश्या गेल्या की ते घर फार दिवस घर राहत नाही. हार्मला मूलबाळ नाही, तेव्हा नवा धनी मीच. म्हणजे कोण, तर रेल्वेच्या फाटकावर चाळीस वर्षं हिरवं-लाल निशाण हलवलेला माणूस, ज्यानं सहाव्या वर्षी डोळ्याच्या वर एक डंख खाल्ला आणि त्यानंतर भावाच्या टोपल्यांपासून वीस पावलांच्या आत कधी पाऊल टाकलं नाही. मी जरा चाचरलो, तेव्हा वहिनीनं शांतपणे सांगून टाकलं, "माश्या राहिल्या तर मी राहीन, भावजी. नाहीतर सेल्ले शहरातल्या म्हाताऱ्यांच्या घरात नाव घालते. ज्या घरात माश्यासुद्धा राहत नाहीत तिथं मी आंधळी काय करू?" (आंधळी नाही, मोतीबिंदू आहे. पण त्या दिवशी कोण वाद घालणार?) वहिनी गेली तर या सात खोल्यांत मी आणि न वाजणारं घड्याळ एवढेच उरणार, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

आता माझा पहिला गुन्हा कबूल करतो. हार्मनं दर वर्षीप्रमाणे ऑगस्टच्या सुरुवातीलाच सगळ्या टोपल्या माळावर नेऊन ठेवल्या होत्या, हीथरच्या झुडपांच्या फुलोऱ्याला. माळ इथून सात किलोमीटर, रस्ता रेतीचा, सायकलची चेन सैल आणि माझा गुडघा तुला माहीतच आहे. पण परसातल्या माश्यांच्या पडवीत, अगदी कडेला, एक जुनी फाटकी टोपली मागे राहिली होती आणि ती गुणगुणत होती. मी मनाशी हिशेब केला की या वयस्कर असतील, प्रवास झेपत नसेल म्हणून हार्मनं घरी ठेवल्या असतील. यांना सांगितलं की या पुढे कळवतील, जशी आम्ही गाडी सुटल्याची खबर या स्टेशनवरून त्या स्टेशनला कळवायचो. आळशी माणसाला अशा वेळी फार चांगले विचार सुचतात.

त्या माश्या पिवळ्याधमक होत्या, अंगावर काळे पट्टे, कंबर मुठीत धरावी इतकी बारीक. मला तिळमात्र शंका आली नाही. का येईल? हार्मच्या मधाच्या बरणीवर जे चित्र आहे तेच मी तीस वर्षं रोज सकाळी पावाला मध लावताना बघत आलो. त्या चित्रातली माशी अशीच आहे, पिवळीधमक आणि नटलेली. मी टोपी काढली, किल्लीनं तीनदा ठोकलं, आणि ताई, खोटं सांगत नाही, माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. फलाटावर गाडीची सूचना द्यावी तसं मी सांगितलं, "हार्म गेला. आता मी तुमचा धनी. माझ्याकडे राहा." त्यावर त्या बाहेर आल्या. एकीनं माझ्या कानाला, मानेला आणि मनगटाला दोनदा असे चार डंख केले. तीच एक, चारदा. मधमाशी एकदाच डंख करते आणि मरते, हे हार्म जेवताना शंभर वेळा तरी बोलला असेल, पण त्या क्षणी माझ्या मनात एवढंच आलं की बिचारीला केवढा धक्का बसलाय. मी टोपलीला काळी फीत बांधली, बशीत साखरेचा पाक ठेवला आणि घरात येऊन वहिनीला सांगितलं, "सांगून आलो." तिनं माझ्या सुजलेल्या कानाला व्हिनेगर लावलं आणि पहिल्यांदाच जरा सैल होऊन बसली. पुढचे चार दिवस मी सकाळ-संध्याकाळ ताजा पाक ठेवत होतो. त्या अशा जोमानं वाढल्या की मला आपल्या धनीपणाचा थोडा अभिमानसुद्धा वाटू लागला होता.

अंत्यविधी चोवीस तारखेला झाला. हवा छान होती (हार्मच्या कुठल्याही कामाला हवा नेहमी छान असायची), म्हणून परत आल्यावर कॉफीची टेबलं परसातच सफरचंदाच्या झाडाखाली मांडली. रीतीप्रमाणे लोण्याचा केक होता, आणि शेजारणींनी आलुबुखारचे सहा मोठे केक आणले होते. अडतीस माणसं. पहिला तुकडा तोंडात जातो न जातो तोच पडवीकडून त्या आल्या. एक नाही, दोन नाही, सगळं बिऱ्हाड. केकवर बसल्या, कपात पडल्या, बायकांनी रुमाल उगारले, कोर्ड ल्युअर्सनं चमचा उचलला. आणि मी उभा राहिलो. तू मला जन्मात चार माणसांसमोर बोलताना पाहिलेलं नाहीस. मी टेबलावर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं की कुणीही हात उचलू नका, या हार्मच्या आहेत, यांना मी स्वतः कळवलंय, त्या त्याच्यासाठी आल्या आहेत, त्यांना त्यांचा वाटा खाऊ द्या.

ताई, त्या टेबलांभोवती निदान बारा माणसं अशी होती, ज्यांच्या घरी आजोबांपासून मधमाश्या आहेत. बाकीच्यांनाही मधमाशी आणि गांधीलमाशी यांतला फरक पाळण्यात असल्यापासून कळतो. तरीही रुमाल खाली गेले. कोर्डनं चमचा बशीत ठेवला. अडतीस माणसं हात मांडीवर घेऊन बसली आणि गांधीलमाश्यांनी आलुबुखारचा केक खाल्ला. पाद्री ब्रेडेहोफ्टांना वरच्या ओठावर डंख बसला, तरी त्यांनी फक्त डोळे मिटले (मला वाटलं प्रार्थना करताहेत), आणि जाताना घराला आशीर्वाद दिला तो अर्ध्याच तोंडानं. वहिनीला मोतीबिंदूमुळे फक्त काहीतरी उडताना दिसत असावं. तिनं आपल्या बशीतला तुकडा कडेला सरकवून ठेवला. लोक जाताना माझा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरत होते. तो दुःखाचा मान असावा असं मी धरून चाललो. एकानंही हसू नये, याचं मला आज जास्त वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी कोर्ड आला. हार्मचा तो जिवलग, माळावर दोघांच्या टोपल्या शेजारी शेजारी. आला तो सरळ मला पडवीत घेऊन गेला आणि खिशातून आगपेटी काढून तिच्यातल्या दोन मेलेल्या माश्या आपल्या तळहातावर ठेवल्या.

"ही बघ, ही आपली," तो म्हणाला. "अंगावर लव आहे, रंग मातकट, दिवसभर राबून आलेल्या बाईसारखी. आणि ही दुसरी बघ. तुळतुळीत, पिवळीधमक, कमरेत बारीक. ही गांधीलमाशी. ही कामाला येत नाही, जेवायला येते."

"पण बरणीवर तर पिवळीधमक आहे," मी म्हटलं.

"बरणीवर गांधीलमाशीच आहे. चित्रकारानं चुकीची काढली. हार्म तीस वर्षं त्याच्या नावानं बोटं मोडत होता, तू ऐकलं नाहीस कधी?"

ऐकलं असेल. हार्म ज्यांच्या नावानं बोटं मोडायचा त्यांची यादी मोठी होती, मी मान डोलवत होतो. कोर्डनं टोपली जरा वाकवून आतलं करड्या कागदासारखं घर मला दाखवलं. मेण नाही, मधाचा थेंब नाही. टोपली फाटली म्हणून हार्मनं टाकून दिली होती, या येऊन राहिल्या, आणि असू देत म्हणून त्यानं राहू दिल्या होत्या. पहिलं हिव पडलं की एकूण एक मरतात, म्हणे. राणी तेवढी कुठंतरी फटीत दडून जगते. म्हणजे ज्यांचा मी विधिपूर्वक धनी झालो, ती प्रजा नोव्हेंबरपर्यंत संपणार. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. मी कोर्डला विचारलं की तूच का नाही सांगत त्यांना, तुला त्या ओळखतात. तो म्हणाला, "घरच्या माणसानं सांगायचं असतं. आणि फुलोरा संपला की मी त्या घरी आणणार, एकवीस तारखेला. न सांगता घरी आणल्या आणि धनी दिसला नाही, तर एक टोपली टिकणार नाही. तू सांगितलंस त्यात काही चुकलं नाही रे, फक्त पत्ता चुकला."

तेव्हापासून, ताई, मी पाच वेळा माळावर गेलो आहे. चेन घट्ट केली, गुडघ्याला लोकर गुंडाळली, किल्ली खिशात. पहिल्या दिवशी टोपल्यांसमोर टोपी काढून उभा राहिलो, तीनदा ठोकलं, आणि हवा चांगली आहे असं सांगून परत आलो. दुसऱ्या दिवशी त्यांना रेल्वेचं नवं वेळापत्रक सांगितलं. तिसऱ्या दिवशी पाऊस होता, त्यामुळे हवेबद्दल बोलायला निदान काहीतरी नवीन होतं. चौथ्या दिवशी मी ठरवूनच गेलो. मोठ्यानं म्हटलं, "हार्म..." आणि त्या सगळ्या कामात गढलेल्या, मातकट, हार्मनं एकेकीला नावानं हाक मारावी अशा ओळखीच्या. माझ्या तोंडून बाहेर पडलं, "हार्मनं नमस्कार सांगितलाय." आता बोल! न सांगणं एक पाप, मधमाश्यांसमोर खोटं बोलणं दुसरं, आणि मी एका वाक्यात दोन्ही उरकलं. पाचव्या दिवशी मी ते खोटं मागे घ्यायला गेलो होतो. गवतात तासभर बसलो आणि काहीही मागे न घेता आलो. त्या गांधीलमाश्यांना मी इतकं फाडकन कसं सांगितलं असेन, याचा विचार करतो. त्यांनी हार्मला पाहिलं होतं पण ओळखलं नव्हतं, आणि माझंही तेव्हा तसंच होतं. मरून दोन तास झाले होते, ते मला कुणा दुसऱ्याच्या घरचं वाटत होतं. आता तीन आठवडे झाले, त्याचा दुसरा बूट अजून बाकाखाली आहे, आणि ते वाक्य घशातून वर येत नाही.

वहिनी रोज संध्याकाळी विचारते, "माश्या काय म्हणतात, भावजी?" मी म्हणतो, बऱ्या आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिची पेटी दाराशी अर्धी भरून तयार आहे, आणि एकवीसला टोपल्या आल्या की एकतर ती पेटी रिकामी करील नाहीतर बंद. हे सगळं वाचून तुला हसू आलं असेल तर हस, कुणीतरी हसायला हवं होतं. पायाला ऊन दाखव आणि शिडी कुणाला तरी देऊन टाक. जावईबापूंना आणि लेकीला नमस्कार.

तुझा धाकटा,
विल्के

ता. क. तुझ्या त्या काळ्या मनुकांच्या मुरंब्याची कृती वहिनीला हवी आहे. इथवर एवढं लांब लिहिलं ते त्यासाठीच, असं समज.

दुसरा ता. क. तसं समजू नकोस. प्लास्टर निघालं असेल तर एकवीस तारखेच्या आत ये आणि त्यांना तू सांग. तुला ते जमतं. आई गेली तेव्हा बाबांना बोलता येईना, तर तूच आम्हा दोघांना गोठ्यात नेलंस, दोघांचे हात धरलेस आणि सांगितलंस. तू अकरा वर्षांची होतीस. आम्ही पळून गेलो नाही, बघ. ब्रेमरहाफेनहून सकाळची गाडी हानोफरला बदलावी लागत नाही, उल्त्सेनला बदल. फलाट पलीकडचाच आहे, जिना नाही. मी स्टेशनवर येतो. पत्र आलं की लेकीसमोर मोठ्यानं वाचू नकोस, तिला माझ्याबद्दल जे काय वाटतं ते तसंच राहू दे.

तिसरा ता. क., दुसऱ्या दिवशी. काल पत्र पाकिटात घालून टपालात टाकायला निघालो आणि सायकल माळाच्या वाटेला लागली. तू येणारच आहेस तर तुझ्यासमोर आपली फजिती नको, म्हणून विचार केला की निदान त्यांना एवढं कळवून ठेवावं की ताई येऊन काहीतरी सांगणार आहे. तोंडी जमत नव्हतं, म्हणून पाकीट फोडलं आणि हे पत्र टोपल्यांसमोर उभं राहून पहिल्या ओळीपासून वाचू लागलो. तुझा पाय वाचला. डॉक्टर वाचले. वाचताना माणूस पुढच्या शब्दाकडे बघत नाही, गाडी जाते तसा जातो, आणि "हार्म गेला" वाचून कितीतरी पुढे गेल्यावर मला कळलं की मी ते वाचलंय. मग पुढे दिसेना, चष्मा पुसावा लागला, पण शेवटपर्यंत वाचलं, गांधीलमाश्यांची भानगडसुद्धा. (तेवढ्यात मला एकच डंख बसला. एकदाच. ती मेली.) माश्या आपल्या कामाला लागल्या होत्या, लागूनच राहिल्या. कोर्ड म्हणतो, त्या अशाच राहिल्या तर राहिल्या म्हणायचं.

घरी येऊन वहिनीला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "केकवर बसल्या तेव्हाच कळलं मला. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. मधमाशीचा आवाज असा नसतो." मग इतके दिवस बोलली का नाही, असं मी विचारलं. "तुम्ही निदान कुणाशी तरी बोलत होतात, भावजी," ती म्हणाली, आणि टोपल्या यायच्या आत पडवी झाडून ठेवायला सांगून आत गेली. पेटीतले कपडे परत कपाटात गेले आहेत.

तेव्हा माश्यांना कळलं, वहिनीला कळलं, गांधीलमाश्यांना तर सगळ्यांच्या आधी कळलं. ज्याला अजून खरं वाटत नाही असा या घरात एकच उरलाय, आणि त्याला पत्र वाचून दाखवून भागत नाही. ताई, तू ये आणि मला सांग.